पेण-रोह्याच्या खाड्या आणि पळवलेल्या पोरांच्या फौजा

१६७३ च्या ऑक्टोबरात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात शिरलं. पाऊस ओसरला होता, भात कापणीच्या वळणावर होतं. मुंबई बेटावरचे इंग्रज पाहत राहिले आणि सिद्दीच्या माणसांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या दोन खाड्या धरल्या, एक पेणची आणि दुसरी नागोठण्याची. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या आत गेल्या, टोळ्या काठाला उतरल्या आणि शिवाजी महाराजांच्या मुलखातली गावं उद्ध्वस्त झाली. मुंबईचं जळण आणि धान्य याच किनाऱ्यावरून जायचं, त्यामुळे इंग्रजांनी या धाडीची दखल घेतली. महाराजांनी फौज पाठवली, चकमकी झाल्या.

आज पेण आणि रोहा हे दोन शेजारी तालुके आहेत. नागोठणं रोहे तालुक्यात मोडतं. पेणचं नाव गणपतीच्या मूर्तींमुळे घरोघरी पोचलेलं आहे, रोह्याचं नाव कुंडलिकेमुळे. सतराव्या शतकात मात्र हा सगळा टापू दोन सत्तांच्या मधली शिवण होता. घोसाळगड, तळगड, अवचितगड, बिरवाडी हे किल्ले महाराजांनी सिद्दीवर दाब ठेवायला हाताशी ठेवले होते. १६५९ मध्ये अफजलखान वाईकडे आला, तेव्हा सिद्दीनं हीच संधी साधून तळे-घोसाळ्याकडे मोर्चा वळवला होता. खान मारला गेल्याची बातमी आली आणि वेढा उठला.

ही लढायांची हकिगत आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली आहे. कोणी कोणाला हरवलं, कुठला किल्ला कधी घेतला, हे पाठ्यपुस्तकातही आहे. होड्यांतून उतरणारे ते सिद्दी लढवय्ये मुळात इथे कसे आले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचं उत्तर लहान मुलांपाशी जाऊन पोचतं. आठ, दहा, बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या गावातून उचलायचं, समुद्रापार विकायचं आणि दुसऱ्याच्या लढाईसाठी वाढवायचं, या धंद्यावर दख्खनच्या फौजांचा एक मोठा भाग कित्येक पिढ्या उभा होता. आणि त्या धंद्याचा एक फाटा थेट कोकणच्या खाड्यांत येऊन संपत होता.

इथिओपियाला अरबी व्यापारी हबश म्हणत, म्हणून तिथली माणसं हबशी, म्हणजेच आपल्या खाड्यांतले सिद्दी. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा देश युद्धानं पोळून निघाला. १५२९ ते १५४३ या काळात अहमद ग्रान या इमामाच्या फौजांनी तिथलं ख्रिस्ती राज्य जवळजवळ मोडून काढलं. पुढे दक्षिणेकडून ओरोमो टोळ्यांचे लोंढे आले. प्रत्येक मोहिमेत माणसं धरली जात. मोठी माणसं पळून जाण्याची भीती, बंड करण्याची भीती. मुलांचं तसं नसतं. मुलं वाटेत सांभाळायला सोपी, बाजारात भाव बरा, आणि मुख्य म्हणजे त्यांना नवी भाषा, नवा धर्म, नवा मालक सहज लावता येतो. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत ही मुलं उतरवली जात, तिथून पलीकडे येमेनमधल्या मोख्याला. मोखा आज आपल्याला कॉफीमुळे ठाऊक असतं. त्या काळी तिथे माणसंही विकली जात.

मोख्याहून पश्चिम भारताकडे यायचं तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा शेवट धरावा लागे. पावसाचा जोर ओसरता ओसरता निघालेली गलबतं दिवाळीच्या आधी चौल, दाभोळ, सुरत गाठत. येताना त्यांत घोडे असत आणि माणसं असत. जाताना कापड. चौलच्या मागांवरचं सुती-रेशमी कापड तेव्हा अरबस्तानापर्यंत मागणी असलेला माल होता आणि इथिओपियातल्या श्रीमंतांनाही भारतीय कापड हवं असे. कापड तिकडे आणि मुलं इकडे, असा हा सौदा होता. चौल-रेवदंड्याला जी नदी समुद्राला मिळते ती कुंडलिका. रोहे-अष्टमीपर्यंत तिच्यातून होड्या चालत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनही चौलहून याच नदीतून अष्टमीला उतरला आणि तिथून निजामपूरमार्गे पाचाडला गेला. रोहा हे आतल्या मुलखाचं दार होतं. जो माल चौलला उतरे, त्याला घाटाकडे जायला या भागातून वाट होती.

दख्खनच्या सुलतानांना ही मुलं इतकी का हवी होती, याला एक खास कारण आहे. बहमनी दरबारापासून दोन तट पडलेले होते. एक इथल्या दख्खनी सरदारांचा, दुसरा इराण-तुराणातून आलेल्या परदेशी उमरावांचा. दोन्ही तटांना आपापली घराणी, सोयरीक, जहागिरी. सुलतानाला अशी माणसं हवी होती ज्यांना मालकाखेरीज जगात कोणीच नाही. आईबापापासून तोडलेल्या मुलाइतकं निराधार कोण असणार? त्याला घरात वाढवायचं, घोडा आणि तलवार शिकवायची, नाव द्यायचं. नावंही ठरलेली असत: अंबर, याकूत, संदल, काफूर, मर्जान. सुगंधी द्रव्यं आणि रत्नं यांची ती नावं. आईनं ठेवलेलं नाव मागे राहून जाई.

या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती की तिला दर पिढीला नवा पुरवठा लागे. हबशी शिपाई मोठा झाला, मालक मेला की बहुधा तो मोकळा होई, इथे लग्न करी, त्याची मुलं दख्खनी म्हणून वाढत. त्या मुलांना घर असे, नातलग असत, गाव असे. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी बापाला विकत घेतलं, ती मुलात उरत नसे. मग पुन्हा गलबतं मोख्याला. इतिहासकारांनी या पद्धतीला लष्करी गुलामी म्हटलं आहे आणि तिचा दख्खनमधला सगळ्यात मोठा पुरुष म्हणजे मलिक अंबर.

त्याचं घरचं नाव चापू. जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ चा. तो कसा धरला गेला याच्या दोन-तीन हकिगती आहेत. मोख्याच्या बाजारात तो २० डुकाटांना विकला गेला, असं डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुके यानं लिहून ठेवलं आहे. या डच माणसानं अंबरला म्हातारपणी प्रत्यक्ष पाहिलं होतं. मोख्याहून चापू बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्यानं त्याला लिहा-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग पुन्हा विक्री, आणि या वेळी गिऱ्हाईक होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान. हा चंगीजखान स्वतःही हबशी, एके काळचा गुलाम. त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते असं सांगतात. १५७० च्या दशकात चंगीजखान मेला आणि त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं.

पुढची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतल्यावर अंबरनं निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि पंचवीसेक वर्षं अकबर-जहांगीरच्या फौजांना दख्खनमध्ये जेरीस आणलं. खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जमीनमहसुलाची त्यानं घालून दिलेली पद्धत कोकणात त्याच्यामागेही मलिकंबरी म्हणून ओळखली गेली, आणि निजामशाहीत मोडणाऱ्या पेण-रोह्याच्या भातशेतीचा धाराही त्याच पद्धतीनं ठरला. जहांगीरला या माणसाचा इतका राग, की दरबारी चित्रकार अबुल हसननं बादशहाच्या समाधानासाठी एक चित्र काढलं. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोलाखाली बैल, बैलाखाली मासा. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला ते कधीच जमलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन अंथरुणात मेला आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

चापूची ही चढती कमान सांगताना लेखणी आपोआप रंगते. गुलामाचा राज्यकर्ता झाला, हे वाक्य कोणालाही भुरळ घालणारं आहे. पण १६१० च्या सुमारास इंग्रज व्यापारी विल्यम फिंच लिहितो की अंबरजवळ त्याच्या जातीचे दहाएक हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी शिपाई आहेत. आकडा ऐकीव, थोडाफार फुगवलेला असेल. तरीही त्या हजारो हबशांतून आपल्याला नावानिशी किती जण आठवतात? एक अंबर, आणखी पाच-दहा सरदार. बाकीचे सगळे असेच कुठून तरी उचलून आणलेले. जे वाटेत समुद्रात मेले, जे पहिल्याच लढाईत कामी आले, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. शिवाय स्वतः विकला गेलेला अंबर मोठा झाल्यावर तरणे हबशी गुलाम विकत घेऊनच आपली फौज वाढवत होता. ज्या बाजारानं त्याचं बालपण घेतलं, त्याच बाजाराचा तो मोठा गिऱ्हाईक झाला. त्याच्या कर्तृत्वाचा मान ठेवूनही हे सांगितलंच पाहिजे.

कुंडलिकेच्या मुखाशी याचं एक जुनं उदाहरण आहे. १५९४ मध्ये निजामशाहीनं पोर्तुगीजांच्या चौलला शह द्यायला समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर ठाणं उभारलं. त्या फौजेचा सेनापती फर्हादखान, तोही हबशी. पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला, कत्तल केली आणि फर्हादखान बायको-मुलीसह त्यांच्या हाती लागला. चौलच्या पोर्तुगीजांच्या घरांतही आफ्रिकेतून आणलेले गुलाम होतेच. कर्नाटकात यल्लापूर-हळियाळच्या जंगलपट्ट्यात आज जो सिद्दी समाज राहतो, त्याचे पूर्वज बहुतांशी गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून निसटलेले किंवा सुटलेले.

आता जंजिरा. मुरुडसमोरच्या या बेटावरची सत्ता कित्येक पिढ्या हबशी सरदारांकडे, आधी निजामशाहीच्या वतीनं, मग आदिलशाहीच्या, १६७० नंतर मुघलांच्या. इथली गादी बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे गेलीच नाही. आरमारातला जो सरदार कर्ता, तो पुढे येई. जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान यानं शिवाजी महाराजांशी तह करायचं मनावर घेतलं, तेव्हा संबूल, कासिम आणि खैर्यत या तीन सिद्दींनी त्यालाच कैदेत टाकलं आणि औरंगजेबाचा आसरा घेतला.

१६७१ च्या शिमग्यात या सिद्दींनी जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. मराठ्यांची शिबंदी होळीच्या रंगात होती. खैर्यत जमिनीच्या बाजूनं गलका करत आला, सगळे तिकडे धावले, आणि कासिम चाळीस होड्या घेऊन समुद्राच्या अंगानं तटाला शिड्या लावून वर चढला. दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, त्यात दोन्हीकडची माणसं उडाली. धुरात आणि गोंधळात कासिमनं 'खस्सू, खस्सू' अशी आपली आरोळी ठोकून माणसं गोळा केली आणि किल्ला घेतला. ही हकिगत खाफीखानाच्या फार्सी तवारिखेतली आहे आणि जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात ती घेतली आहे.

याच्या पुढचा मजकूर सहसा कोणी वाचून दाखवत नाही. दंडा-राजपुरीनंतर सिद्दीनं आसपासचे आणखी सात किल्ले घेतले. सहा किल्ल्यांनी दोन-तीन दिवसांत दरवाजे उघडले. सातव्याच्या किल्लेदारानं मदतीच्या आशेवर आठवडाभर तग धरला. मग अभयाच्या वचनावर सातशे माणसं खाली आली. वचन मोडलं गेलं. पुरुषांना मारलं. म्हाताऱ्या बायकांना सोडून दिलं. देखण्या बायका आणि मुलं गुलाम केली, बाटवली.

मुलं. सातशे माणसांत किती होती ते खाफीखान सांगत नाही. किल्ल्याच्या आश्रयाला आलेल्या आसपासच्या कुणब्या-कोळ्यांची ती असणार, दंडा-राजपुरी ते घोसाळ्याच्या पट्ट्यातली. आणि त्यांना गुलाम करणारा कासिम ज्या हबशी फौजेतून वर आला, ती फौजच मुळी दुसऱ्या कोणाच्या पळवलेल्या मुलांची. आफ्रिकेतल्या गावात जे घडलं ते शंभरेक वर्षांनी कोकणातल्या गावात घडलं. यात एका जातीला किंवा एका धर्माला दोषी धरून मोकळं होता येत नाही. अपहरणाची ही रीत ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती फिरत राहिली.

मराठी सत्तेचा हिशेबही स्वच्छ मांडला पाहिजे. शिवाजी महाराजांनी मोहिमेत बायका-मुलांना धरू नये अशी सक्त ताकीद फौजेला दिली होती, ती सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे आणि खाफीखानासारख्या वैऱ्यानंही त्यांच्या या वागणुकीची ग्वाही दिली आहे. त्याहून ठोस पुरावा १६७७ चा आहे. कर्नाटकच्या मोहिमेत डचांना व्यापाराचा कौल देताना महाराजांनी बजावलं की पूर्वीच्या अमलात तुम्ही इथे माणसं विकत घेऊन गुलाम म्हणून नेत होता, माझा अंमल असेपर्यंत ते चालणार नाही, माझे लोक ते रोखतील. सतराव्या शतकात, जगातली बडी राज्यं या धंद्यातून तिजोऱ्या भरत असताना, हा हुकूम दिला गेला. पण ही शिस्त त्यांच्यामागे टिकली नाही. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री राजरोस होती, तिच्या किमती आणि तंटे दप्तरांत सापडतात, आणि दुष्काळात पोटच्या पोरी विकल्या गेल्याच्या कहाण्या त्यात आहेत. इंग्रजही मागे नव्हते. अठराव्या शतकात कंपनीनं मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून माणसं विकत आणून त्यांच्या 'कॉफ्री' नावाच्या तुकड्या आपल्या फौजेत उभ्या केल्या होत्या.

सिद्दी आणि मराठे यांचा निकाल पेणच्या खाडीच्या तोंडाशीच लागला. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजी आप्पांनी सिद्दी सात नावाच्या सरदाराला गाठून मारलं. त्या वर्षीच्या तहानं रोहे-अष्टमी, नागोठणं, तळे, घोसाळे या बाजूच्या महालांवरची सिद्दीची पकड निम्म्यावर आली. पुढे पेण १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेलं आणि रोहा १८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झाल्यावर. जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. गुलामीला कायद्यानं मिळणारा आधार १८४३ च्या पाचव्या कायद्यानं काढून घेतला गेला, आणि १८६० च्या दंडसंहितेनं माणूस विकत घेणं हा गुन्हा ठरवला.

कायदा झाला तरी गलबतं थांबायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडू लागलं आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जाऊ लागली. त्यांतल्या पुष्कळांना नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवत. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात तिथे वसाहत आणि शाळा काढली होती. मुलं तिथे सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली, आजूबाजूची मराठी ऐकत वाढली. चुमा नावाच्या मुलाला १८६१ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मंडळींनी आफ्रिकेतल्या शिरे नदीच्या मुलखात गुलामांच्या तांड्यातून सोडवलं, आणि पुढे तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. जेकब वेनराइट शरणपूरचा. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या मध्यावर लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हे दोघे होते. त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच मुलांना आपल्या आईबापांचा गावही सांगता येत नव्हता.

हा सगळा मजकूर इतिहासजमा झाला असं वाटत असेल, तर युगांडातल्या डॉमिनिक ऑंगवेनची गोष्ट पाहावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, नऊएक वर्षांचा असताना, शाळेच्या वाटेवर त्याला लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेनं उचललं. मारहाण झाली, माणसं मारायला लावलं, पळून गेलास तर घरच्यांना मारू असं सांगितलं गेलं. तो तिथेच वाढला, हुशार निघाला, चढत चढत ब्रिगेडचा सेनापती झाला. आणि त्यानं तेच केलं: गावं जाळली, मुलं पळवली, मुलींना बायका म्हणून वाटलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवलं. शिक्षा देताना न्यायाधीशांसमोर हाच पेच होता की समोरचा माणूस गुन्हेगार आहे आणि त्याच गुन्ह्याचा बळीही. त्याचं लहानपणी झालेलं अपहरण लक्षात घेऊन जन्मठेपेऐवजी २५ वर्षं कैद झाली. चापूपासून अंबरपर्यंतचा आणि कासिमपर्यंतचा सगळा प्रवास या एका निकालात पुन्हा दिसतो. फरक इतकाच की सोळाव्या शतकात हा प्रश्न विचारणारं न्यायालय नव्हतं.

उत्तर युगांडात त्या वर्षांत हजारो मुलं संध्याकाळ झाली की गोधड्या घेऊन खेड्यांतून गुलू शहराकडे चालत जात. तिथे देवळात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या ओट्यावर झोपत आणि पहाटे परत येत, कारण बंडखोर रात्री घरातून मुलं उचलत. पेण-नागोठण्याच्या खाडीकाठच्या माणसांनी होड्यांची चाहूल लागताच पोरं पाठीशी घेऊन डोंगर कसा गाठला असेल, याची कल्पना यावरून येते.

आपल्या अगदी शेजारी याच गोष्टी घडल्या. श्रीलंकेत तमिळ वाघांनी घरटी एक मूल मागितलं, दिलं नाही तर ओढून नेलं. नेपाळात शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांनी माओवादी छावण्यांची पडताळणी केली, तेव्हा २,९७३ जण अल्पवयात भरती झालेले निघाले आणि २०१० मध्ये त्यांना घरी पाठवलं गेलं. आपल्या देशात केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अहवालांनी बिहार-झारखंडमधल्या 'बाल दस्त्यां'चा आणि छत्तीसगड-ओडिशातल्या 'बाल संघम'चा उल्लेख केलेला आहे. गडचिरोलीची सीमा छत्तीसगडला लागून आहे. म्हणजे हा विषय महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरचा आहे.

जगानं याविरुद्ध कायदा केला तो फार उशिरा. १९९६ मध्ये ग्रासा मशेल यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानं युद्धातल्या मुलांची दशा पहिल्यांदा जगाच्या टेबलावर ठेवली. बालहक्क कराराला जोडलेला, मुलांना सशस्त्र संघर्षात ओढण्याविरुद्धचा पूरक करार २००० मध्ये मंजूर झाला आणि १२ फेब्रुवारी २००२ पासून लागू झाला. त्यानुसार सरकारबाह्य सशस्त्र गटांना अठरा वर्षांखालच्या कोणालाही कोणत्याही परिस्थितीत भरती करता येत नाही. भारतानं २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढायला लावणं हा युद्धगुन्हा आहे, आणि २०१२ मध्ये हेगच्या न्यायालयानं दिलेला पहिलाच निकाल याच गुन्ह्याचा होता. काँगोच्या थॉमस लुबांगाला १४ वर्षांची कैद झाली. आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ८३ वं कलम सांगतं की सरकारनं अतिरेकी म्हणून घोषित केलेल्या गटानं मूल भरती केलं वा वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड.

१२ फेब्रुवारी हा दिवस जगभर लाल पंजाचा दिवस म्हणून पाळतात. शाळांमधली मुलं तळहाताला लाल रंग लावून कागदावर ठसे उमटवतात आणि ते कागद लोकप्रतिनिधींना पाठवतात. पेण-रोह्याच्या शाळांना या दिवसाला जोडायला दूर जावं लागत नाही. त्याच सुमारास, थंडी आहे तोवर, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांच्या सहली जंजिऱ्याला जातात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून मुलं किल्ल्यात पोचतात, कलालबांगडी तोफेला हात लावतात, बुरूज मोजतात. शिक्षकांनी त्या तोफेजवळ दहा मिनिटं काढून त्यांना चापूची गोष्ट सांगावी, सातव्या किल्ल्यावरून खाली आलेल्या मुलांची सांगावी आणि ऑंगवेनचीही सांगावी. सहावी-सातवीतली ती मुलं नेमक्या त्याच वयाची असतात. आणि परत आल्यावर वर्गाच्या भिंतीवर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लिहून ठेवावा. मूल हरवलं, पळवलं गेलं, कामाला जुंपलं गेलं असा संशय आला तरी दिवसा-रात्री कधीही, पैसे न मोजता, तो लावता येतो.